तिसऱ्या माणसाची जागा

फोन आला तेव्हा डर्मट कपडे वाळत घालत होता. सिंगापुरातल्या हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबू बाहेर काढायचा, त्याच्यावर शर्ट ओवायचा आणि बांबू पुन्हा खोबणीत सरकवायचा, हे काम त्याला डोळे मिटून जमायचं. फोन त्यानं स्पीकरवर टाकला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला. बहीण होती. ब्रायडी. तिकडं आयर्लंडात, डोनेगलच्या गावात, सकाळ होती. इकडं दुपारचे चार.

"डर्मट, कॉनल गेला रे."

"बरं," डर्मट म्हणाला.

"बरं काय? मेला तो. आपला कॉनल."

"ऐकलं. कधी?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे, ब्रायडी. भाऊ मेल्याचं सांगायला दोन दिवस लागतात?"

"मेल्याचं सांगायला नाही लागत," ब्रायडी म्हणाली. "तुला दुसरंच विचारायचंय. त्याला लागले."

डर्मटनं हातातला शर्ट बांबूवर नीट ओढून घेतला, दोन चिमटे लावले. आता कुणी म्हणेल, हा माणूस आहे का दगड? तर दगड नव्हता. सदुसष्ट वर्षांचा, उंच, लाल कातड्याचा, चांगला गप्पिष्ट माणूस होता एकेकाळी. पण जन्म सगळा बोगदे खोदण्यात गेला. हातात ते ड्रिल घेऊन खडक फोडायचं काम. ते ड्रिल वर्षानुवर्षं हातात थरथरत राहिलं की बोटांची टोकं मरतात. पांढरी पडतात, काही कळेनासं होतं. गरम चहाचा कप हातात धरला तर कप गरम आहे हे डर्मटला वाफ बघून समजायचं. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको संजीवनी गेली तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्याच्या मेव्हण्याची बायको मीनल तर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "भावोजींचं ते बोटातलं आता वर छातीपर्यंत चढलंय." डर्मटनं ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. त्याला ते पटलंच होतं.

"विचार," तो म्हणाला.

"तुझी जागा कॉनलला दे," ब्रायडी म्हणाली.

ही जागा म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला पाहिजे. डोनेगलला प्रत्येक घराची एक कबर असते. एकच. तिच्यात माणसं एकाखाली एक ठेवतात. यांच्या कबरीत तीन माणसं मावतात, चौथं नाही. खाली खडक लागतो. तळाला बाप. त्याच्यावर आई. आणि वरची जागा रिकामी होती. ती डर्मटची होती. पन्नास वर्षं झाली, डर्मटचीच होती.

त्यांच्या घरातले पुरुष सगळे बाहेर खपलेले. आजा लहान असताना त्याला बाजारात उभा करायचे. तिकडं पूर्वी वर्षातून दोनदा पोरांचा बाजार भरायचा, शेतकरी यायचे आणि पोरांचे दंड दाबून बघायचे, बैलाचं बघतात तसं, आणि सहा महिन्यांसाठी कामाला घेऊन जायचे. बाप स्कॉटलंडच्या डोंगरात धरणाचे बोगदे खोदायला गेला. वर्षातून दोनदा घरी यायचा. दारातून आत आला की पोरं पलंगाखाली शिरायची. एका नाताळात सगळे जेवायला बसलेले असताना धाकट्या कॉनलनं आईला मोठ्यानं विचारलं, "हा माणूस कधी जाणार?" बाप इतका हसला, इतका हसला की शेवटी उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. पुढच्या खेपेला त्यानं कॉनलसाठी बाजा आणला, तोंडानं वाजवायचा. डर्मटसाठी काही आणलं नाही. डर्मट तेव्हा दहा वर्षांचा होता. तो बाजा त्यानं एकदा चोरून वाजवून बघितला होता. आतून मटणाच्या रश्श्याचा वास यायचा.

बाप घरी येऊनच मेला, छातीत दगडाची भुकटी भरून. आणि दुसऱ्या वर्षी, डर्मट सतराचा झाला तसा तोही निघाला. जायच्या आदल्या रात्री तिकडं रीत आहे, सगळा गाव घरी येऊन बसतो. मयताला बसतात तसाच. चहा होतो, फिडल वाजतं, म्हाताऱ्या बायका गळा काढतात, कारण गेलेला माणूस परत दिसेल याची खात्री कुणाला? फरक इतकाच, की मयत खुर्चीत बसून चहा पीत असतं. नवीन शर्ट घालून डर्मट मधोमध बसला होता आणि आपल्याच नावानं लोक रडताना बघत होता. चौदा वर्षांचा कॉनल चुलीशेजारी डोकं टेकून झोपून गेला.

सकाळी ग्लासगोची बस धरायला जाताना आईनं वाट वाकडी केली आणि त्याला स्मशानात नेलं. म्हणाली, "तळाला बाप आहे. त्याच्यावर मी. वरची जागा तुझी."

"आणि कॉनल?"

"कॉनल इथंच असणार. इथल्या माणसाला कुणीही जागा देईल. लांब गेलेल्याची जागा राखून ठेवायला लागते."

बस. एवढंच. मग तो स्कॉटलंडला खोदत राहिला, मग हाँगकाँग, आणि चौऱ्याऐंशी साली सिंगापूर. इथं एमआरटीचे, म्हणजे मेट्रोचे, बोगदे चालले होते. नोव्हेना भागाखाली काम करताना लोखंडी पट्टी हातावर आली, तर वर काढून तिथल्याच इस्पितळात नेला. टाके घालताना पुण्याहून आलेली एक नर्स होती. तिनं विचारलं, दुखतंय का? हा म्हणाला, कळत नाही. ती म्हणाली, मग बरंय, माझंही काम सोपं. ती संजीवनी. पुढं लग्न झालं, इरा झाली, सासूबाई येऊन दहा वर्षं राहिल्या आणि त्यांनी जावयाला मराठी शिकवलं, कारण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती आणि दिवसभर कुणाशी तरी बोलल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

"डर्मट? आहेस का?" ब्रायडी फोनवर म्हणाली.

"आहे."

"कॉनल स्वतः म्हणाला, डर्मटला विचारल्याशिवाय ती कबर उघडायची नाही. तो नाही म्हणाला तर मला नव्या स्मशानात न्या."

"नवं कुठं आहे?"

"मोठ्या रस्त्याला, पेट्रोलपंपाच्या मागं. चांगलं आहे. पार्किंग आहे."

डर्मटनं पुढचा शर्ट झटकला.

"पोरं चर्चमधून सुटली की खणायला जातील," ब्रायडी म्हणाली. "तुमच्याकडं तेव्हा सात वाजतील. तोवर सांग. मी कुठं खणायचं ते त्यांना सांगेन."

तिकडं कबर घरच्यांनी खणायची नसते, शेजाऱ्यांनी खणायची. शेजारी फावडी घेऊन उभे, आणि कुठं मारायचं ते सिंगापुरातनं ठरणार.

डर्मटनं उरलेले कपडे वाळत घातले. मग इराला फोन केला, ती बाजूच्याच ब्लॉकमध्ये राहायची. इरानं मामाला कळवलं. आणि सहाच्या सुमाराला विश्वास आणि मीनल जुरोंग ईस्टहून एमआरटीनं अख्खं बेट ओलांडून हजर झाले. मीनलच्या हातात डबा होता. पिठलं आणि भात. घरात माणूस गेलं की त्या घरी चूल पेटवायची नाही, बाहेरून आणून खायला घालायचं. माणूस अकरा हजार किलोमीटर लांब गेलं असलं म्हणून काय झालं.

विश्वास म्हणजे संजीवनीचा धाकटा भाऊ. बँकेतून रिटायर झालेला, नीटनेटका, सगळे विधी पाठ असलेला माणूस. तो चप्पल काढून आत आला, डर्मटच्या शेजारी बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दाजी, वाईट झालं. चांगला माणूस होता."

"हां. होता."

"कशानं गेला?"

डर्मटनं जरा विचार केला. "विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

विश्वासनं मीनलकडं बघितलं. मीनलनं पदर सावरला आणि आत भांडी शोधायला गेली. मग डर्मटनं ब्रायडी काय म्हणाली ते सांगितलं. पाण्याचं बिल किती आलं ते सांगावं तसं सांगितलं.

विश्वासचा हात गुडघ्यावरून निघाला.

"थांबा, थांबा. त्या कबरीत ताई आहे."

होती. हीच तर सगळी गोम होती. संजीवनीनं जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, माझ्या अस्थी निम्म्या इथं समुद्रात सोडा, इरासाठी. आणि निम्म्या तिकडं डर्मटच्या जागेत ठेवा, नाहीतर हा माणूस एकटा तिकडं जाऊन चुकेल. विश्वासनं तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. अस्थी पाण्यात जायच्या असतात, मातीत कोण पुरतं? पण ताईचा शब्द. शेवटी डर्मट एक स्टीलचा डबा घेऊन गेला आणि कॉनलनं आणि त्यानं मिळून तो वरच्या जागेत, हातभर खाली पुरला.

"तिथं तुम्ही जाणार होता म्हणून मी हो म्हटलं," विश्वास म्हणाला. "तुमच्याशेजारी राहील म्हणून. आता तुम्ही तिथं तिच्या दिराला झोपवणार? काय बोलताय काय?"

"मी अजून काही बोललो नाही."

"मग नाही म्हणा!"

"मामा, शांत हो ना," इरा म्हणाली. ती बत्तीस वर्षांची, आजीच्या हाताखाली वाढलेली, मराठी चांगलं बोलायची पण रागावली की सिंगापूर बाहेर यायचं. ती बापाकडं वळली. "पण डॅड, ॲक्चुअली, हाऊ कॅन? ते जागा देऊन टाकलं की तुम्ही कुठं जाणार? हां? आय अल्सो नीड टू नो, लाह."

"इथं."

"इथं कुठं? इथं कबर पंधरा वर्षांनी उकरून काढतात. तुम्हाला माहीत आहे."

"मग समुद्रात. आईसारखं."

"तुम्हाला पोहता येत नाही," इरा म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

डर्मटच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आमच्या गावात कुणालाच येत नाही," तो म्हणाला. "समुद्राकाठी राहतात सगळे, होड्या चालवतात, आणि एकाला पोहता येत नाही. म्हणतात, उगाच वेळ लागतो बुडायला."

मीनल आतून म्हणाली, "शी, काहीतरीच बाई!" पण हसलीच.

विश्वास हसला नाही. तो उठून उभा राहिला. "हे बघा दाजी. द्यायची तर द्या जागा. तुमचं घर, तुमचा भाऊ. पण आमचा डबा काढा तिथून. मी स्वतः जातो. तिकीट काढतो, डबा घेतो आणि नाशिकला नेतो. जे तेव्हा करायचं होतं ते करतो. परक्या घरात ताईला नाही ठेवायची."

"परकं नाही ते."

"मग काय आहे? कितीदा गेली हो ती तिथं? सासू गेली तेव्हा एकदा. आणि मग डब्यातून."

 डर्मटला खरं म्हणजे काही वाटत नव्हतं. विश्वास तावातावानं बोलत होता, इरा नखं खात होती, आणि त्याला टेबलावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण नीट बसलेलं नाही एवढंच दिसत होतं. त्यानं ते बसवलं. जागा दिली काय, नाही दिली काय, आत कुठं टोचत नव्हतं. पण उत्तर तर द्यायचं होतं. आतून काही येत नसेल तर माणूस शेवटी जे बघितलं त्याच्यावर जातो. त्यानं जे बघितलं होतं ते सांगायला सुरुवात केली.

"विश्वास, बस. माझी आई गेली तेव्हाचं सांगतो. तुझ्या ताईनं तेव्हा काय केलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. तिनं सांगू नको म्हटलं होतं."

विश्वास बसला.

"आमच्या घरात चूल होती, जमिनीवर. आम्ही दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतो, ते सरपण. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी त्यावरच पेटवायचं. ती चूल कधी विझू द्यायची नाही. कधीच नाही. माझ्या आज्यानं घर बांधलं तेव्हा शेजारून निखारा आणून पेटवली होती, तेव्हापासून ती पेटलेलीच. आई म्हणायची, मी मेले तरी चालेल, चूल विझता कामा नये. आणि मेली."

"मग?"

"आमच्याकडं मयत दोन रात्री घरात ठेवतात. गाव येतो. प्रत्येकाला चहा द्यावा लागतो, ते नाही दिलं तर मेलेल्याचा अपमान. सकाळी आम्ही शवपेटी आणायला गेलो. घरी तुझी ताई एकटी. आणि तिनं बघितलं, की घरात प्रेत आहे आणि चूल पेटलेली आहे."

विश्वासचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"तिनं विझवली," डर्मट म्हणाला. "बादलीभर पाणी ओतून. राख भरून बाहेर टाकली. कोपरा पुसून काढला. पोचारा घातल्यासारखा. तिला वाटलं, ह्या लोकांना दुःखात सुधरलं नाही, सुनेनं करायला पाहिजे."

"अगं बाई," मीनल दारात येऊन उभी राहिली होती.

"आम्ही आलो तर घर थंड. ब्रायडी आत आली, चुलीकडं बघितलं आणि तिला बसावंच लागलं. मागून गाव यायला लागला. म्हाताऱ्या बायका दारातच थांबल्या.  आईच्या प्रेताकडं कुणी बघत नव्हतं, सगळे चुलीकडं बघत होते. संजीवनी कोपऱ्यात, ओला फडका हातात. तिला कळलंच होतं काहीतरी मोठं झालं. काय, ते कळत नव्हतं."

"तुम्ही काय केलंत?" इरानं विचारलं.

"काही नाही. मी उभा होतो. मला काही सुचलं नाही. मला कधी सुचलंय?" डर्मट म्हणाला. "कॉनल पुढं आला. तो कधी चार माणसांत बोलायचा नाही. म्हणाला, मी विझवली. रात्री झोप लागली, निखारे झाकले नाहीत, सकाळी लाज वाटून पुसून काढलं. ती पाव्हणी मला मदत करत होती. एवढं बोलला आणि फावडं घेऊन शेजारच्या घरी गेला. निखारे घेऊन आला. गुडघ्यावर बसून फुंकत बसला, पेटेपर्यंत."

"लोकांनी मानलं?"

"मानलं. पुढं जन्मभर त्याला ऐकवलं. आईचं मढं घरात असताना ज्यानं चूल विझू दिली तो कॉनल. त्याचं नावच पडलं. तीस वर्षं झाली. दारूच्या गुत्त्यात पोरं चिडवायची. त्यानं कुणाला खरं सांगितलं नाही. ब्रायडीलासुद्धा नाही. एका माणसाला माहीत होतं, मला. आणि तिला."

 खाली ब्लॉकमध्ये मुलं बॉल भिंतीवर मारत होती, त्याचा आवाज येत होता.

"ताईनं बरोबर केलं होतं," विश्वास म्हणाला.  "आमच्याकडं असतं तर तेच केलं असतं."

"हां. बरोबरच केलं होतं."

"त्याला पण माहीत होतं का, की तिनं का केलं?"

"कॉनलला? रात्री मी त्याला सांगितलं. म्हणाला, मग चांगलंच केलं की बिचारीनं. मग म्हणाला, तिला सांग, मला तो आल्याचा चहा करायला शिकव. मरेपर्यंत तोच पीत होता. ब्रायडी वैतागायची."

विश्वासनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत काढला.

"सात वाजले," इरा म्हणाली.

डर्मटनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला. ब्रायडीनं पहिल्याच घंटीला उचलला. मागं वारा होता, माणसं बोलत होती. ती स्मशानातच होती.

"सांग," ती म्हणाली.

"आईच्या वर ठेवा त्याला," डर्मट म्हणाला. "माझ्या जागेत."

ब्रायडी रडायला लागली. डर्मट थांबला. ती रडते आहे हे त्याला ऐकू येत होतं, खाली बॉल आपटत होता तोही ऐकू येत होता, आणि दोन्ही आवाज त्याला सारखेच लांबचे वाटत होते.

"आणि तुझी बायको?" ब्रायडी नाक ओढत म्हणाली. "तिचा डबा आहे ना रे वर. पोरं विचारतायत."

डर्मटनं विश्वासकडं बघितलं.  हा निर्णय डर्मटचा नव्हताच.

विश्वास फोनकडं वाकला. इंग्रजी त्याचं बँकेचं, चोख, पण या वेळी चोख आलं नाही. "मॅडम," तो म्हणाला, "ती... माय सिस्टर... असू द्या. तिथंच असू द्या. फक्त फावडं लागू देऊ नका. हातानं काढा."

"हातानंच काढू," पलीकडून एक पुरुषाचा आवाज आला. "किती खाली आहे, डर्मट?"

"हातभर. उजव्या बाजूला. आणि डावीकडची माती भुसभुशीत आहे, तिथं फळी लावा, नाहीतर अंगावर येईल."

"बोगदेवाल्याला विचारलंच पाहिजे," तो माणूस म्हणाला आणि कुणीतरी हसलं.

पहिलं फावडं पडलं. डर्मट ऐकत होता. वरचं गवत कापलं गेलं, मग वाळू, मग बारीक गोटे, खर्र करून. जन्मभर त्यानं हेच ऐकलं होतं. माती कुठली आहे ते त्याला आवाजावरून कळायचं. मग फावडी थांबली, आणि बऱ्याच वेळानं ब्रायडी म्हणाली, "निघाला. भिंतीवर ठेवलाय."

"पाऊस आहे?" विश्वासनं विचारलं.

"नाही. आज ऊन आहे."

"बरं," विश्वास म्हणाला.

फावडी पुन्हा सुरू झाली. मीनलनं ताटं मांडली, पिठलं गरम केलं नव्हतं, तसंच वाढलं. फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा होता. इरानं बापाच्या ताटात भात घातला, त्यावर पिठलं, आणि त्याच्या त्या पांढऱ्या बोटांत चमचा दिला. डर्मट जेवायला लागला. सगळेच जेवायला लागले. तिकडं कॉनलसाठी खणत होते, खर्र, खर्र, आणि जेवण होईपर्यंत फोन कुणी बंद केला नाही.